डावऱ्यासाठी सोडलेला बांगडा

वडिलांच्या कपाटाचे दार उघडले की आधी डांबरगोळ्यांचा थंड, पांढरा वास येतो आणि मग हरलेली माणसे दिसतात. वर्तमानपत्रांतून कापून दाराच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेली ही माणसे सगळी टेनिस खेळणारी. एक उंच, सडपातळ बाई, हाताशी आलेला अंतिम सामना सोडून टॉवेलमध्ये तोंड लपवलेली. एक सोनेरी केसांचा, ज्याच्या पोटऱ्यांत नेमके उपान्त्य फेरीतच गोळे येत. एक टक्कल पडलेला, ज्याने जगातल्या प्रत्येक थोर खेळाडूला एकेकदा हरवले, पण एकाच स्पर्धेत लागोपाठ सात जणांना कधीच नाही. वर्षाला चार मोठ्या स्पर्धा होतात, मेलबर्नला, पॅरिसला, लंडनला आणि न्यूयॉर्कला. त्यांतली एकही ज्याच्या हाती लागली नाही, त्यालाच या दारावर जागा. त्या अजिंक्यपदाला वडील नुसते 'मोठी' म्हणतात. "तेका मोठी गावली नाय," असे ते सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावे की एखाद्या चांगल्या घरातल्या मुलाचे लग्न राहून गेले.

दाराच्या मधोमध, कुलपाच्या खाचेच्या किंचित वर, डावरा आहे. त्याच्यामुळे आमच्या पेडण्याच्या घरात अकरा वर्षे बांगडा शिजला नाही.

हे वाक्य गोव्याबाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल, म्हणून सांगते. माझ्या आईच्या हातची बांगड्याची उडीदमेथी ही एके काळी आमच्या वाड्यावरची ख्याती होती. तेलात तांबूस होणारे उडीद, त्यांच्यामागून मेथीची कडवट उसासे टाकणारी चाहूल, वाटलेल्या खोबऱ्याचा ओला केशरी रंग, ठेचलेल्या तिरफळांनी जिभेच्या टोकाला आलेली झिणझिणी, आणि या सगळ्यात अलगद सोडलेले, पाठीवर निळ्या-हिरव्या रेघा असलेले बांगडे. त्या कालवणाचा वास दुपारी साडेबारा वाजता पायवाटेने उतरून शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसत असे. आईला तिचे ते मातीचे मडके पुन्हा बांगड्यासाठी चुलीवर चढवायचे होते. अकरा वर्षे तिला एवढेच हवे होते, आणि ते एका परक्या देशातल्या माणसाच्या डाव्या मनगटावर अवलंबून होते.

वडील भूगोलाचे शिक्षक. टेनिस त्यांच्या आयुष्यात नकाशाच्या वाटेने आले. पॅरिसची लाल माती, लंडनचे गवत, मेलबर्नची निळी जमीन, ही त्यांना आधी भूपृष्ठ म्हणून आवडली आणि मग त्यांवर माणसे धावताना दिसली. डावऱ्याचा देश नकाशावर इतका लहान की वर्गात दाखवताना वडिलांच्या बोटाखाली तो अख्खा झाकला जाई. त्या देशात टेनिससाठी धड मैदान नव्हते, असे वडील सांगत. खरेखोटे मला ठाऊक नाही. पण त्याचा एकहाती उलटा फटका मी पाहिला आहे. दोरीवर वाळलेली साडी बाई एका झटक्यात ओढून घेते आणि ती क्षणभर हवेत पूर्ण उलगडते, तसा तो हात उलगडायचा. चेंडू कुठे गेला हे पाहायचे भानच राहत नसे. तो बहुतेक वेळा बाहेर गेलेला असे.

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, हा डावरा मेलबर्नच्या अंतिम फेरीत पोचला. रविवारी दुपारी सामना. आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या देवळात वार्षिक गाऱ्हाणी होती. आमच्याकडे देवापुढे आपले म्हणणे आपण स्वतः मांडत नाही. त्यासाठी घाडी असतो. तो नारळ हातात घेऊन तुमची अडचण लयीत, चढत्या आवाजात देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे लोक एकमुखाने म्हणतात, "होय म्हाराजा!" कुणाची गाय आटलेली असते, कुणाला तुयेच्या कारखान्यात कायम व्हायचे असते. बाहेर काजूला मोहोर आला होता आणि त्याचा गोडसर, किंचित आंबूस दरवळ धुपात मिसळत होता. सहा-सात अडचणी झाल्यावर वडील नारळ घेऊन पुढे सरकले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन डिचोलीला गेले होते आणि त्या शनिवारी माहेरी आलेली होते, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

"कोणासाठी?" घाड्याने विचारले.

वडिलांनी सांगितले.

"तो तुमचो कोण लागता, मास्तरांनू?"

"कोण नाय."

"मगे तेचो गावदेव खंयचो? कूळ काय? देवाक वळखूक तरी व्हया मा!"

वडिलांनी क्षणभर विचार केला आणि भूगोलाच्या शिक्षकाने द्यावे तसे उत्तर दिले. त्यांनी त्या देशाचे अक्षांश आणि रेखांश सांगितले. घाडी मान डोलवत राहिला. मग वडील हळूच म्हणाले, "आणि आयतवारापर्यंत मी बांगडो खावचंय नाय, येवढाच सांग."

एका दिवसाचे व्रत. तसेही शनिवारी घरात मासळी नसेच. वडील काटकसरी आहेत, देवाच्या बाबतीतही.

घाड्याने डोळे मिटले, नारळ उचलला. त्याचा आवाज चढू लागला.

"बा देवा म्हाराजा! आज हो तुझो मास्तर तुझ्या पायाकडे इलेलो आसा."

"होय म्हाराजा!"

"साता समुद्रापलीकडे तेचो एक डावरो पोरगो आसा. जाळयेच्या फळयेन चेंडू मारता."

"होय म्हाराजा!"

"तेच्या चेंडवाचा जा काय वाकडा आसात, ता सरळ कर."

"होय म्हाराजा!"

"आणि जोपर्यंत तेका मोठी जीत गावणा नाय, तोपर्यंत हो मास्तर बांगडो तोंडाक लावचो नाय!"

"होय म्हाराजा!"

त्या शेवटच्या होकारात वडिलांचा स्वर सगळ्यांत स्पष्ट होता. तीस वर्षे प्रार्थनेच्या रांगेपुढे उभे राहिलेल्या माणसाचा स्वर. आपण कशाला होय म्हटले हे त्यांना नारळ फुटल्यावर कळले. नारळाचे पाणी त्यांच्या पायांवर उडाले, आणि त्यांनी आईकडे पाहिले. बायकांच्या बाजूला उभी असलेली आई त्यांच्याकडे आधीपासूनच पाहत होती.

"अवो, तुमी 'होय' कित्याक म्हटल्यात?" वाटेत तिने विचारले.

"सगळे म्हणत होते. तोंडातसून गेला."

"सगळ्यांचो बांगडो नाय गेलो. आमचो गेलो."

"उद्यापुरतो प्रश्न आसा गो. तो जिंकतलो."

तो हरला. चार तास चाळीस मिनिटे खेळून, पाचव्या सेटमध्ये, स्वतःच्या हाताने दोनदा सर्व्हिस जाळ्यात घालून हरला.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. रविवारी सकाळच्या बसने मी डिचोलीला परतले होते आणि संध्याकाळी सासरी लवकरच्या जेवणात बांगडा होता. रेशादचा लाल मसाला भरून तव्यावर परतलेला, कडेने काळसर कुरकुरीत झालेला. लग्न झालेल्या मुलीला माहेरचे बंधन लागत नाही, असे सासूबाईंनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले, आणि शास्त्र त्यांच्या बाजूला होते. मी जेवत होते, समोर सामना चालू होता. पहिला बांगडा संपला तेव्हा डावरा पुढे होता. सासूबाईंनी दुसरा वाढला. मी त्याच्या कण्यालगतचा मऊ, पांढरा भाग बोटांनी सोडवत असताना डावऱ्याने पहिली सर्व्हिस जाळ्यात घातली. मी घास तोंडात घातला. त्याने दुसरी घातली. अकरा वर्षे मी हे कुणाला सांगितले नव्हते. शिकलेली बाई आहे, कविता लिहिते आणि तीत कार्यकारणाची चेष्टा करते. पण त्या घासाची चव मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि ती उत्तम होती.

पुढच्या वर्षांचे वर्णन कसे करावे? आमच्या घरी सुरमई होती, वेर्ल्या होत्या, खुबे होते. बांगडा तेवढा नव्हता. नवऱ्याने सोडलेली वस्तू बायकोने एकटीने खायची नाही, म्हणून आईनेही सोडला. उडीदमेथी तिने एकदा आंबाड्याच्या आंबट फळांची करून पाहिली. वडील म्हणाले, छान झाली. आईने ते मडके घासून माळ्यावर उपडे घातले.

केरीहून स्कूटरवर येणारी मासळीवाली फाटकाशी उभी राहून हाक मारी, "वयनी, फडफडीत बांगडे हाडलंय!" आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेई. "अरे देवा, तुमच्यात चलणा नाय मा. तो डावरो काय म्हणता?"

"आठांत गेलो," आई सांगे.

"म्हणजे अजून तीन."

"तीनच. पण पुढचो उंच आसा. सर्व्हिस झाडावयल्यान येता तेची."

"मगे गेलो तो. सुरमई देवू?"

आईने सामना कधी पाहिला नाही. ती स्वयंपाकघरातून ऐकत असे. चेंडूच्या आवाजावरून ती जमीन ओळखू लागली, मातीवर तो ठप्प वाजतो, गवतावर पुसट, निळ्या जमिनीवर टणक. "आज तांबडी माती?" ती आतून विचारी. "तांबड्यात जिंकाचो नाय. पाय घसरतत तेचे." आणि तो घसरे. डिचोलीत खाणींच्या रस्त्यांवरून ट्रक जातात तेव्हा जी तांबडी धूळ पानांवर बसते, तिच्यात चालताना मला आईचे ते वाक्य आठवायचे. तिचा अंदाज वडिलांपेक्षा बरोबर असे, कारण तिला डावऱ्याविषयी काही ममता नव्हती. तिला फक्त तो जिंकायला हवा होता. वडिलांना तो आवडत होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच छपराखाली त्या फार जोराने एकमेकींवर आपटत.

"माझ्या चुलीचो कारभार त्या डावऱ्याच्या हातात," ती म्हणे. "आणि तेका बापड्याक ठावकच नाय."

वडील एकदाच म्हणाले, "ठावक असता तर तो अजून वायट खेळलो असतो."

यंदा, थंडीच्या सुरुवातीला, डावऱ्याने निवृत्ती जाहीर केली. कंबर गेली होती. वडिलांनी ती बातमी फोनवर वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मी त्या शनिवारी पेडण्याला होते. शनिवारी आमच्याकडे मासळी नसली तरी मासळीवाली फाटकाशी थांबली, तिला आईने सांगितले, आणि तिने स्कूटरच्या आरशावर हात ठेवला. "मगे आता?" तिने विचारले. "आता जिंकाचोच नाय तर तुमचा सुटाचा कसा?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. अट पूर्ण होण्याची शक्यताच संपली होती. आईने पदर खोचला.

"देवळात चला."

"त्यांची वयस्कांची स्पर्धा असते," वडील मला म्हणाले, प्रमाण मराठीत, कारण अवघड बाजू मांडताना ते वर्गात शिरतात. "निवृत्त खेळाडू त्याच मैदानांवर जोडीने खेळतात. तो खेळेल. ती जिंकला तर—"

"ती मोठी धरतत?" आईने विचारले.

वडिलांनी खाली पाहिले. खोटे बोलता आले असते. "नाय," ते म्हणाले. "ती गमतीची."

"मगे चला."

मला वाटते त्यांना जायचे नव्हते. बांगडा खाणे म्हणजे तो आता कधीच जिंकणार नाही यावर सही करणे, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. पण आई चपला घालून बाहेर उभी होती.

घाडी तोच. केस पांढरे झालेले, आवाज तसाच. दुसऱ्या कामांसाठी आलेली दहा-बारा माणसे मंडपात होती. आईने सगळे समजावून सांगितले. घाड्याने ऐकून घेतले आणि जाणत्या वैद्यासारखी मान हलवली. "बंधन असाच सुटणा नाय, वयनी. काय तरी बदली देवचा लागता."

"पाच नारळ देतंय. केळ्यांचो घड देतंय."

"बघतंय," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! अकरा वर्सांमागे ह्या मास्तरान तुझ्याकडे बोली केली होती."

"होय म्हाराजा!"

"तेचो डावरो झुंजान झुंजान थकलो. फळी खुटयेक लावन बसलो."

"होय म्हाराजा!" वडिलांचा आवाज या वेळी जड झाला होता.

"आता मास्तराक त्या बोलीतसून मोकळो कर."

"होय म्हाराजा!"

घाड्याला लय सापडली होती. लय सापडलेला माणूस थांबत नाही. मी कवितेत हे फार वेळा अनुभवले आहे. ओळ स्वतःच पुढची ओळ ओढते, आणि अर्थाची पर्वा कुणाला राहत नाही.

"आणि तेच्या जाग्यार दुसरो कोण डावरो-उजवो मास्तराच्या मनात भरात, तेका मोठी जीत गावापर्यंत हो मास्तर पापलेटाक—"

"नाय म्हाराजा!"

आईचा आवाज मंडपाच्या लाकडी खांबांवर आदळून परत आला. दहा-बारा माणसांची तोंडे 'होय'साठी उघडलेली होती, ती तशीच राहिली. वडिलांचेही उघडे होते. 'हो' बाहेर आला होता, उरलेला ओठांवर थांबला होता. समईची वात तडतडली. त्या देवळात तो नकार त्यापूर्वी कधी ऐकू आला असेल असे मला वाटत नाही.

घाड्याने एक डोळा उघडला. "वयनी, गाऱ्हाण्यात मदी बोलाचा नसता."

"मगे कधी बोलाचा? नारळ फुटल्यार? गेल्या टायमाक गप रवलंय, तर अकरा वर्सां गेली."

"देव रागावतलो."

"ता देवाक विचार. कळये लाव."

घाड्याने नाइलाजाने पापलेट मागे घेतला. आमच्याकडे देवाचे उत्तर असे मिळते. लाल पिटकोळीच्या कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पुजाऱ्याने कळ्या लावल्या. देवाच्या निर्णयात वाऱ्याने ढवळाढवळ करू नये म्हणून टेबलपंखा बंद केला. काळ्या ओल्या पाषाणावर त्या कळ्या रक्ताच्या ताज्या थेंबांसारख्या चकाकत होत्या. पाण्याचा एक पाझर देवाच्या छातीवरून फार सावकाश उतरत होता.

वडील माझ्या कानाशी वाकले. "डावी पडली तरी आपण समजून घ्यायला हवं," ते पुटपुटले. "शेवटी तो डावराच."

"बाबा, गप्प."

पंधरा मिनिटे गेली. मंडपात कुणी खोकले नाही. मेलबर्नच्या त्या पाचव्या सेटमध्येही मला इतका घाम फुटला नव्हता. आईने हात जोडले नव्हते. ती कमरेवर हात ठेवून देवाकडे पाहत होती, अकरा वर्षे स्वयंपाकघराच्या दारातून दूरदर्शनसंचाकडे पाहिले असते तशी.

उजवीकडची कळी हलली, पाण्यावरून बोटभर सरकली, थांबली, आणि पडली.

"गेम," वडील म्हणाले. त्यांच्या तोंडातून गेले.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीने बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत. मडके माळ्यावरून उतरले, त्यात कोळ्याचे घर होते. आईने ते तीनदा धुतले. उडीद तांबूस झाले, मेथीने उसासा टाकला, तिरफळे ठेचली तेव्हा त्यांचा लिंबासारखा, रानासारखा वास अंगणापर्यंत गेला, आणि शेजारच्या पडवीत कुणीतरी उठून उभे राहिल्याचा आवाज आला.

वडील पाटावर बसले. ताट आले. मी ठरवले की हे आज सांगून टाकायचे, आणि सांगितले. सासरी, त्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी, मी बांगडा खाल्ला होता.

वडिलांनी चष्मा काढला. "किती?"

"दोन."

"पहिलो कधी?"

"तो पुढे होता तेव्हा."

"आणि दुसरो?"

"शेवटच्या दोन सर्व्हिसच्या वेळी," मी म्हणाले. अकरा वर्षे ते त्या दोन सर्व्हिसचे कारण शोधत होते, उकाडा, वारा, उजवा गुडघा. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरले त्याला मला सुटका याखेरीज शब्द सापडत नाही. "म्हणजे तेची चूक नव्हती," ते म्हणाले.

त्यांनी ताटातला पहिला तुकडा उचलून केळीच्या पानाच्या फाळक्यावर ठेवला, त्यावर थोडा भात आणि कालवण घातले आणि उठून अंगणाच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवले. पितरांसाठी ठेवतात तसे.

"अवो!" आई ओरडली. "तो जितो आसा! निवृत्त जालो हा!"

"ठावक आसा माका. पण हो तेच्या वाटणीचो."

ते परत बसले. पहिला घास घेताना त्यांची बोटे अडखळली. बांगड्याचे काटे कसे सोडवायचे ते हात विसरले होते. मी त्यांचे ताट माझ्याकडे ओढून घेतले आणि कणा उचलून बाजूला ठेवू लागले. त्यांनी खाल्ले. आई समोर उभी होती.

"मीठ कमी आसा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तिरफळाने येतात तसे नव्हे.

बाहेर गडग्यावर शेजारची मांजर चढली होती. तिने पान हुंगले, इकडेतिकडे पाहिले, आणि डावा पंजा पुढे करून बांगड्याचा तुकडा एका झटक्यात पूर्ण उलगडलेल्या हाताने ओढून घेतला.

वडिलांचा घास हवेत थांबला. "बघितलंस? बघितलंस गो?"

"बघितलंय," आई म्हणाली आणि त्यांच्या भातावर आणखी कालवण घातले. "बाहेर नाय गेलो ह्या वेळाक. आता जेवा."